दोन दिवसांचं पाणी भरून ठेवा

सतरा वर्षं मी नगरपालिकेत जाहीर सूचना लिहितोय, आणि या सतरा वर्षांत माझ्या एकाही सूचनेबद्दल एकाही नागरिकाची तक्रार आलेली नाही. रस्ता खोदायचा असो, मोकाट कुत्री धरायची असोत, नाहीतर झाडांच्या फांद्या तोडायच्या असोत, मी लिहिलं आणि गाव गप्प बसलं. हे मी अभिमानाने सांगतो. बायकोचं मत थोडं वेगळं आहे. तिचं म्हणणं, तक्रार करायची तर आधी वाचावं लागतं.

मी तिच्याकडे दुर्लक्ष करत आलो. पण गेल्या महिन्यात आमच्याकडे नव्या मुख्याधिकारी आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्या कचेरीच्या बोळातल्या सूचनाफलकासमोर पाच मिनिटं उभ्या राहिल्या. सतरा वर्षांत त्या फलकासमोर इतका वेळ कोणी थांबलं नव्हतं. एकदा पाऊस होता तेव्हा लोक थांबले होते, पण त्यांची पाठ फलकाकडे होती.

मॅडमनी मला बोलावलं आणि विचारलं, की या सूचनेत कर्ता कुठे आहे? मी सांगितलं, सरकारी कामात कर्ता नसतो. काम 'करण्यात येतं'. कोण करतं ते लिहिलं, की लोक त्याच्या घरी जातात. मॅडम हसल्या नाहीत. पुढची सूचना आपल्या आईला एका वाचनात कळली पाहिजे, असं त्या म्हणाल्या. मी आदराने आईंचं शिक्षण विचारलं. आई तीस वर्षं शाळेत भाषा शिकवत होत्या. "तिला तुमची ही सूचना मी काल फोनवर वाचून दाखवली," मॅडम म्हणाल्या. "ती म्हणाली, बाळ, तुझी तब्येत बरी आहे ना?"

हे मला लागलं. मी ठरवलं, आता अशी सूचना लिहायची की वाचणाऱ्याने पुन्हा वर वळून पाहता कामा नये.

विषय साधा होता. गावाला पाणी देणारी टेकडीवरची मोठी टाकी गुरुवारी धुवायची होती. आमच्याकडे रोज संध्याकाळी पाच ते सात पाणी येतं. गुरुवारी ते येणार नव्हतं. यावर एरवी मी दीड पान सहज लिहिलं असतं. या वेळी तीन वाक्यं लिहिली:

'येत्या गुरुवारी आम्ही पाण्याची टाकी धुणार आहोत. त्या दिवशी नळाला पाणी येणार नाही. बुधवारी संध्याकाळी दोन दिवसांचं पाणी भरून ठेवा.'

मॅडम खूश झाल्या. सूचना फलकावर लागली, भोंग्याच्या गाडीवरून वाचली गेली, लोकांच्या मोबाइलवर फिरली. आणि काय सांगू, लोकांनी ती वाचली.

मंगळवारी किराणावाल्याने मला दुकानातून हाक मारून सांगितलं, की तुमची सूचना कळली. माझ्या सूचनांना आजवर वस्तरा पुसणाऱ्या न्हाव्याने ही मात्र आरशाच्या कोपऱ्यात चिकटवली. टेकडीवरच्या गल्लीत माझी मावशी एकटी राहते. तिचा फोन आला, "अरे, तुझं पहिलंच काहीतरी मला समजलं." माझी चाल बदलली. बायकोने विचारलं, मान आखडली आहे का? मी म्हटलं, नाही, ताठ आहे.

बुधवारी पाच वाजता गावाने एकदम नळ सोडले.

बादल्या भरल्या, पिंपं भरली, पातेली भरली, तान्ह्या बाळांचे टब भरले. आता 'दोन दिवसांचं पाणी' म्हणजे किती, हे मी लिहिलं नव्हतं. ते ज्याने त्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवलं. धोब्याने दोन दिवसांचं म्हणून आठ पिंपं भरली. किराणावाल्याकडे पाहुणे येणार नव्हते, पण आलेच तर, म्हणून त्याने पाहुण्यांचंही भरलं. आमच्या शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर तर शिस्तीचे. त्यांनी सरबताच्या बत्तीस बाटल्या भरून प्रत्येकीवर तारीख आणि वेळ लिहिली, आणि त्या तारखेप्रमाणे भिंतीला लावून ठेवल्या.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी आमचे चावीवाले काका कचेरीत आले. गावातल्या पाण्याच्या चाव्या फिरवणं हे त्यांचं काम. ते वर्षाला साधारण चार शब्द बोलतात. त्यातले दोन त्यांनी त्या दिवशी खर्च केले.

"टाकी रिकामी."

मी म्हटलं, अहो, धुवायची उद्या आहे. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्या टाकीत गावाला पुरून उरेल एवढं पाणी होतं. पण गावाने उरेल तेवढंही घरी नेलं होतं. खालच्या गल्ल्यांनी सगळं ओढून घेतलं, आणि टेकडीवरच्या गल्ल्यांत थेंबसुद्धा चढला नाही.

टेकडीवर म्हणजे मावशी.

मी दोन कॅन आमच्याच घरच्या पिंपातून भरले आणि निघालो. तिच्या गल्लीला ब्याऐंशी पायऱ्या आहेत. चाळीस पायऱ्यांनंतर मी कॅन खाली ठेवून आपल्या भाषेचा विचार केला. मावशी दारातच बसली होती. तिच्यासमोर सात भांडी ओळीने मांडलेली, धुऊन, पुसून, कोरडी. पाच वाजल्यापासून ती नळाजवळ बसून होती. माझ्या सूचनेत बुधवारी संध्याकाळी भरा असं आहे, तर पाणी येणारच, असं तिने शेजारणीलाही सांगितलं होतं. शेजारीण आता अर्थातच तिच्याशी बोलत नव्हती.

मला वाटलं, ती रागावेल. तिने एक कॅन हातात घेतला, तो माझ्या आधी आत नेऊन ठेवला आणि म्हणाली, "लिहिलंस चांगलं. सगळ्यांना कळलं. पण सगळ्यांनी एकदम ऐकलं तर काय, त्याचा विचार नाही केलास."

सतरा वर्षांत तशी वेळ आली नव्हती, हे मी तिला सांगितलं नाही.

मी कचेरीत परतलो, तेव्हा मॅडमनी तिथल्या तिथे निर्णय घेतला. टेकडीवर पाणी नसताना टाकी धुवायची नाही. गुरुवारी आधी वरच्या गल्ल्यांना पाणी सोडायचं. खालच्यांनी कृपा करून नळ बंद ठेवायचे. तशी सूचना लगेच काढा, सोपी. मी काढली:

'गुरुवारी टाकी धुणार नाही. पाणी येईल. घाबरू नका. जास्त पाणी भरू नका.'

'घाबरू नका' हे मी धीर देण्यासाठी लिहिलं होतं. तोपर्यंत गावात कोणी घाबरलेलं नव्हतं. पण नगरपालिका आपणहून घाबरू नका म्हणते, म्हणजे काहीतरी असणारच, असा विचार गुरुवारी सकाळी एकाच वेळी सगळ्यांनी केला. कालपर्यंत आज धुणार होते, आता धुणार नाहीत. का नाहीत? जास्त भरू नका म्हणतात. का नको? न्हाव्याच्या दुकानात दहा वाजेपर्यंत टाकीत काहीतरी सापडलं होतं. अकरा वाजेपर्यंत त्याला शेपूट फुटलं होतं.

आणि मग दुपारी गावाने बुधवारचं पाणी ओतून द्यायला सुरुवात केली.

एवढं पाणी आमच्या गटारांनी कधी पाहिलं नव्हतं. खालचा रस्ता वाहायला लागला. धोब्याने आठही पिंपं उपडी केली आणि त्या लोंढ्यात त्याच्याच दोन चादरी चौकापर्यंत गेल्या. पोस्टमास्तरांनी बत्तीस बाटल्या तारखेच्या क्रमाने कुंड्यांत ओतल्या, मग खुर्ची टाकून झाडांकडे बघत बसले. झाडांना काही होतंय का ते पाहायचं होतं. चार वाजता त्यांनी मला गॅलरीतून सांगितलं, की गुलाबाचा चेहरा त्यांना बरा वाटत नाही.

आता तिसरी सूचना काढणं भाग होतं. मॅडम म्हणाल्या, अफवा आहे, तर सरळ अफवेलाच उत्तर द्या. मी सरळ दिलं:

'टाकीत काहीही सापडलेलं नाही. पाणी चांगलं आहे. तुम्ही ओतून दिलेलं पाणीही चांगलंच होतं.'

शेवटचं वाक्य माझ्या मनातलं होतं. ते नसतं तरी चाललं असतं.

शुक्रवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी दारात रांग होती. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. तपासून द्या, म्हणाले. आमच्याकडे जन्मनोंदणी, मृत्युनोंदणी आणि घरपट्टी अशी तीन टेबलं आहेत, पाणी तपासायचं टेबल नाही. तरी जन्मनोंदणीच्या बाईंनी दोन बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि ठीक आहे म्हणाल्या. त्याने रांग आणखी वाढली.

किराणावाला माझ्या टेबलाशी आला. आवाज खाली आणून, आपल्या माणसाला विचारावं तसं त्याने विचारलं, "काय सापडलं नाही, ते तरी सांगा."

"काहीच नाही."

"मग ते लिहायचं कशाला?"

मी त्याला बसायला सांगितलं.

शेवटी मॅडम बाहेर आल्या. त्यांनी सगळ्यांसमोर कचेरीच्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि सगळं प्यायल्या. लोकांनी शांतपणे पाहिलं. वीस मिनिटं सगळे त्यांच्याकडे बघत थांबले. मॅडमना एक शिंक आली तेव्हा पुढची ओळ दोन पावलं मागे सरकली. पण पुढे काही झालं नाही, तेव्हा लोक जरा हिरमुसूनच घरी गेले.

त्या संध्याकाळी मॅडमनी मला आत बोलावलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, की टाकी आता सोमवारी धुऊ. सूचना काढा. आणि माझ्याकडे न बघता, "पूर्वी लिहायचात तशी."

खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. मी टेबलाशी बसलो, पेन उचललं, आणि एका दमात लिहून काढलं:

'सर्व संबंधितांस याद्वारे सूचित करण्यात येते की, मुख्य जलकुंभाच्या अंतर्गत स्वच्छतेचे यापूर्वी स्थगित करण्यात आलेले काम नियोजित दिनांकी हाती घेण्यात येणार असल्याने सदर कालावधीत जलवितरण व्यवस्थेवर अंशतः अथवा पूर्णतः परिणाम संभवत असून, तरी याची नोंद घेऊन पुढील आदेशापर्यंत सहकार्य करण्यात यावे.'

शनिवारी ती फलकावर लागली, मोबाइलवर गेली, भोंग्यावरून वाचली गेली. वाचणाऱ्याला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला. आणि गाव शांत झालं. रांग नाही, अफवा नाही, बाटली नाही. न्हाव्याने त्यावर वस्तरा पुसला. रविवारी मी चौकातून चाललो, तर कोणी हाक मारली नाही. फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी टाकी धुतली. काम नीट झालं. चावीवाले काका खाली येऊन "झालं" म्हणाले.

संध्याकाळी पाच वाजता गावाने नळ सोडले. पाच वाजून दहा मिनिटांनी सगळं गाव कचेरीत होतं.

किराणावाला पुढे, धोबी मागे, पोस्टमास्तर हातात रिकामी बाटली घेऊन. मावशीसुद्धा ब्याऐंशी पायऱ्या उतरून आली होती. पाणी बंद ठेवायचं होतं तर आधी सांगायला काय झालं होतं, असं सगळे एकदम विचारत होते. मला क्षणभर त्यांची कीव आली. मी शांतपणे उठलो, सगळ्यांना बोळात नेलं, फलकासमोर उभं केलं आणि सूचनेवर बोट ठेवलं. शनिवारपासून लावलेली आहे, म्हटलं. आम्ही आमचं कर्तव्य केलं. वाचायचं काम तुमचं.

पोस्टमास्तरांनी चष्मा लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत.

"यात वार कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी बोट सरकवत गेलो. 'याद्वारे' गेलं, 'जलकुंभ' गेला, 'परिणाम' गेला. बोट 'नियोजित दिनांकी' वर येऊन थांबलं.

"हा कोणता?"

"हा आजचा," मी म्हटलं.

मावशीने एकच विचारलं, उद्या तरी पाणी येणार का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडमही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्याही माझ्याकडेच बघत होत्या.

मी माझी सूचना पुन्हा एकदा, सावकाश, शेवटपर्यंत वाचली. मग चावीवाल्या काकांना शोधायला निघालो.