वाढपी मोजायचा नसतो

कुटुंबाचे आरोग्य ही संपूर्ण कुटुंबाची सामूहिक जबाबदारी असते, आणि कोणतीही सामूहिक जबाबदारी पार पाडायची म्हणजे शेवटी कोणीतरी एकाला कणीक मळावी लागते. अकोल्याच्या जठारपेठेत राहणाऱ्या गजेंद्रभाऊंना हे सत्य जितक्या सहजपणे उमगले, तितके फार थोड्या पुरुषांना उमगते.

प्रसंग असा. गजेंद्रभाऊंची पत्नी साधना रोज एसटीने अकोटला जाते, तिथल्या शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी परत येते. दिवाळीनंतर तिला घरचा जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन नऊ निघाले.

"वेळेवर जेवा, पोटभर जेवा, जरा आराम करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांत वाढलं नाही, तर रक्त चढवावं लागेल."

गजेंद्रभाऊ हादरले. बायकोवर त्यांचा खराखुरा जीव होता. आणि ज्याच्यावर जीव आहे त्या माणसासाठी सरकारी कार्यालयातला अधीक्षक जे जे करू शकतो, ते सगळे त्यांनी केले. म्हणजे बैठक बोलावली.

बैठकीला स्वतः गजेंद्रभाऊ, त्यांचे वडील नत्थुजी, कॉलेजात जाणारी मुलगी आचल आणि दहावीतला बंडू हजर होते. (साधनाही होती, पण ती चहा करत असल्यामुळे तिची हजेरी लागली नाही.) विषय एकच होता: साधनाच्या प्रकृतीसाठी साप्ताहिक सकस आहार आराखडा. कामाची वाटणी अत्यंत न्याय्य झाली. नियोजन गजेंद्रभाऊंकडे गेले. ताटांचे फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणे, म्हणजेच जनजागृती, आचलकडे. बंडूकडे चव आणि नत्थुजींकडे मार्गदर्शन. अंमलबजावणी तेवढी शिल्लक राहिली. ती किरकोळ बाब असल्यामुळे साधनाकडे देण्यात आली.

आराखडा खरोखर देखणा झाला. सोमवारी अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर, मंगळवारी बरबटीची, म्हणजे चवळीची उसळ, बुधवारी नाचणीचे धिरडे (वऱ्हाडात नाचणी कोणी खात नाही, म्हणूनच ती पौष्टिक असावी असा बैठकीचा अंदाज होता), गुरुवारी मोड आलेली मटकी, शुक्रवारी हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, शनिवारी सात कोशिंबिरी. रविवार विश्रांतीचा. विश्रांतीच्या वेळेत साधनाने आठवड्याच्या पालेभाज्या निवडाव्यात, कडधान्ये भिजत घालावीत आणि जवसाची चटणी कुटावी, असे कंसात नमूद होते. गजेंद्रभाऊंनी आराखडा लॅमिनेट करून फ्रिजवर लावला. पूर्वी साधना पहाटे पाचला उठायची. आता आरोग्यासाठी चारला उठू लागली.

पण आराखड्याचा खरा प्राण होता तो त्यातला अंदाज. इथे वाचकांना गजेंद्रभाऊंची थोरवी सांगितली पाहिजे. देवळाचा भंडारा असो की कोणाच्या घरचं लग्न, स्वयंपाकाचा अंदाज सांगायला जठारपेठेत त्यांनाच बोलावतात. पंगतीकडे एक नजर टाकून ते कढईत किती डाळ टाकायची ते सांगतात, आणि शेवटचा माणूस उठतो तेव्हा कढई घासल्यासारखी स्वच्छ असते. कमी पडले नाही, उरले नाही. या शास्त्राचा पहिला नियम त्यांना वडिलांनी लहानपणीच शिकवला होता: वाढपी मोजायचा नसतो. वाढणाऱ्याचं कढईतच कुठे ना कुठे निघतं.

हेच शास्त्र त्यांनी घरी लावले. भाकरी माणशी दोन, नत्थुजींना अडीच, बंडू वाढत्या वयाचा म्हणून तीन. उसळ वाटीने, कोशिंबीर चमच्याने. पूर्वी या घरात रोज काही ना काही उरायचे. अर्धी भाकर, तळाशी चिकटलेली भाजी, वाटीभर वरण. आराखडा लागू झाल्यावर पहिल्याच पंधरवड्यात उरलेल्या अन्नाचे प्रमाण शून्य टक्क्यांवर आले. एवढी प्रगती कार्यालयाच्या कुठल्याही योजनेत गजेंद्रभाऊंनी पाहिली नव्हती. त्यांचा ऊर भरून आला.

बाकीचे निष्कर्षही उत्साहवर्धक होते. गजेंद्रभाऊंची साखर उतरली. नत्थुजींचे गुडघे मोकळे झाले. आचलचा चेहरा उजळला आणि बंडू बास्केटबॉलच्या संघात निवडला गेला. अमरावतीच्या नणंदेने फोन करून साधनाला सांगितले, "वैनी, तुमी नशीबवान हा. आमच्या घरी बायकोच्या तब्येतीसाठी कोन एवढं करते?" साधनालाही ते पटले. बोलताना तिला मध्येच ओट्याचा आधार घ्यावा लागला, एवढेच.

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले. हिमोग्लोबिन आठ.

गजेंद्रभाऊंनी आराखडा सोबत नेलाच होता. डॉक्टरीणबाईंनी तो चष्मा लावून वाचला. त्या इतक्या प्रभावित झाल्या, की बाहेरच्या खोलीत लावायला त्यांनी एक प्रत मागितली. मग त्या साधनाकडे वळल्या.

"छान आहे हो. यातलं तुम्ही काय काय खाता?"

साधना गोंधळली. हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता.

"मी हे सगळं करते, मॅडम."

"ते कळलं. खाता काय?"

साधनाने बराच विचार केला. गणिताची बाई ती, उत्तर चुकू नये म्हणून तिने मनात सगळे दिवस मोजले. "आधी थोडंबहुत उरत होतं ना," ती शेवटी म्हणाली, "आता काही उरत नाही. ह्यांचा अंदाज लय पक्का आहे." हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. थोडा अभिमानच होता.

घरी परतताना ऑटोत गजेंद्रभाऊ साधनाचा हात हातात धरून बसले, आणि तो हात किती हलका झालाय हे त्यांना पहिल्यांदाच कळले. माणूस वाईट नव्हता. घरी पोचल्याबरोबर त्यांनी चूक दुरुस्त करायला घेतली, म्हणजे बैठक बोलावली.

आराखड्यात तातडीची सुधारणा करण्यात आली. यापुढे दररोज दोन भाकरी, एक वाटी भाजी आणि वाटीभर वरण 'उरवण्यात' येईल, अशी स्वतंत्र तरतूद झाली. आवडनिवड लक्षात घेऊन कोणत्या दिवशी काय उरावे, याचे वेळापत्रकही आचलने रंगीत करून दिले. पहिल्या दिवशी ठरल्याप्रमाणे उरले, ते बंडूने सरावाहून आल्यावर खाल्ले. दुसऱ्या दिवशी उरले, तेव्हा धारणीहून जीपने मुलांचे मामा आले. तिसऱ्या दिवशी उरलेले पाहून गजेंद्रभाऊंनाच राहवले नाही. अन्न वाया जाऊ नये, हा त्यांच्यावरचा जुना संस्कार होता.

शेवटी नत्थुजी वैतागले. "अबे गज्या, उरवून काहून राहिला? तिले आपल्याच संगं बसव ना जेवाले!"

गजेंद्रभाऊंनी वडिलांकडे आदराने पाहिले. "बाबा, ते बरोबर हाय तुमचं. पन मंग वाढीन कोन?"

नत्थुजींनी गजेंद्रभाऊंकडे पाहिले, गजेंद्रभाऊंनी आचलकडे, आचलने बंडूकडे आणि बंडूने पंख्याकडे. मुद्दा गुंतागुंतीचा असल्याने तो पुढील बैठकीपर्यंत राखून ठेवण्यात आला. बैठक संपताच सगळ्यांना भूक लागली होती. साधना आतून म्हणाली, "बसा, ताटं वाढते." परवा तिला रक्त चढवायचे आहे. त्या दिवशीच्या स्वयंपाकाची तयारी तिने उद्याच करून ठेवायची, असे फ्रिजवर लिहिले आहे.

गजेंद्रभाऊंना हसणाऱ्या सुज्ञ वाचकांनी एक साधी गोष्ट आठवून पाहावी: काल रात्री आपल्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवले? ते लगेच आठवेल. काय जेवले, ते मात्र आत जाऊन विचारावे लागेल. ती आतच आहे. तुम्ही हे निवांत वाचत बसला आहात, त्यावरून कळतेच.