एका फुलीची चौकशी

उतेकर नाना घराबाहेर पडताना दाराला कुलूप घालत, ते तीनदा ओढून बघत आणि मग खिशातून आगपेटीची एक काडी काढून दाराच्या फटीत, कडीच्या बरोबर एक वीत वर, खोचून ठेवत. परत आले की आधी काडी बघायची, मग कुलूप. काडी जागेवर असली म्हणजे आपल्यामागे दार कोणी उघडलं नाही. मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हटलं, "नाना, कुलूप आहे की."

"कुलपाला चावी लागते रे. चावी कोणाकडं पण असू शकते. काडी कोणाला म्हायत नसते."

"आता मला माहीत झाली."

नानांनी माझ्याकडे जरा वेळ बघून घेतलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा काडी दोन वीत वर गेली होती.

नाना वनखात्यात वनपाल. पोलादपूरला बाजाराच्या मागे दोन खोल्या घेऊन राहायचे. मी वनरक्षक, म्हणजे त्यांच्या हाताखालचा. नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांनी माझी वरंधच्या बाजूला बदली झाली आणि बायकोला घेऊन मी तिथल्या चौकीत राहायला आलो. तिथे माझी नानांशी गाठ पडली. हुद्द्याप्रमाणे त्यांना साहेब म्हणायला हवं, पण साहेब म्हटलं की ते लगेच विचारत, "काय काम हाय?" म्हणून सगळे नाना म्हणत.

आमच्या खात्यात झाड तोडलं की खालच्या बुंध्यावर आणि वरच्या ओंडक्यावर एकच नंबर घालतात. म्हणजे रस्त्यात ट्रक अडवला तरी हा ओंडका त्याच झाडाचा, याची खात्री पटते. पद्धत चांगली आहे, पण ती जंगलात ठेवावी. नानांनी ती घरी नेली. डब्यावर नंबर, झाकणावर तोच नंबर. डाव्या चपलेवर सात, उजव्या चपलेवर सात. छत्रीच्या मुठीवर लाल रंगात अकरा आणि दांड्यावर पुन्हा अकरा. मी विचारलं, अर्धी छत्री कोण बदलणार?

"पुरी बदलली तर कळतं," नाना म्हणाले. "अर्धीच बदलली तर?"

आणि वर त्यांना संशयी म्हटलेलं खपत नसे. "संशय नाय रे," ते म्हणत, "खात्री करतोय."

आता मूळ गोष्टीकडे येतो. वनरक्षक-वनपालांची राज्यभर संघटना आहे. तिची आमच्याकडची शाखा म्हणजे आम्ही अठ्ठावीस जण, एक पत्र्याची पेटी आणि चिटणीस उतेकर नाना. अध्यक्ष होते बिरवाडीकडचे मुकादम. पण अध्यक्षांचं काम हार घालून घेणं. बाकी सगळं नाना. चिटणीसपदाला दुसरा कोणी उभाच राहत नसे, कारण अर्ज लिहायचे, साहेबांच्या दारात ताटकळायचं, ही हौस कोणाला? पण हात वर करून निवड करायला नाना तयार नसत. "हात वर कर म्हटलं की माणूस शेजारच्याकडं बघून करतो." म्हणून दर जानेवारीत लाकूड डेपोच्या शेडमध्ये गुप्त मतदान. नाना हवे असतील तर चिठ्ठीवर बरोबरची खूण, नको असतील तर फुली.

मी गेलो त्या पहिल्याच सभेत सत्तावीस खुणा निघाल्या आणि एक फुली.

माझ्या मते हे पेढे वाटण्यासारखं होतं. नानांनी मात्र ती चिठ्ठी उजेडात धरली, उलटी केली, हुंगली आणि घडी करून वरच्या खिशात ठेवली. "नोंद घेतली," ते म्हणाले. सगळ्या शेडमध्ये माणसांनी कपाळाला हात लावला. मुकादम माझ्या कानाशी लागून म्हणाले, "झालं. आता वर्षभर चौकशी. चार वर्षं हेच चाललंय."

"चार वर्षं? मी तर आत्ता आलोय. म्हणजे मी सुटलो."

हे नानांनी ऐकलं. "आधीची दुसऱ्या कोणाची असंल," ते म्हणाले. "ह्या सालची तुझी नसंल कशावरून?"

पंधरा दिवसांत रविवारी सकाळी नाना वरंधच्या चौकीवर हजर. हातात अकरा नंबरची छत्री, काखेत वही. आल्या आल्या त्यांनी मला वहीत पाच फुल्या काढायला लावल्या. मग सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणाले, "गो, हा घरी माज्याबद्दल काय बोलतो?"

"तुमच्याबद्दल बोलायला हे घरी असतात कुठं?" सुनंदा म्हणाली. ती पाण्याचा हंडा घेऊन नुकतीच वर चढली होती आणि तिला धाप लागली होती. नाना तिच्याकडे बघत राहिले. पाणी कुठून आणतेस, किती खेपा होतात, उन्हाळ्यात झरा टिकतो का, असं सगळं विचारून त्यांनी लिहून घेतलं. दुपारी कुळथाचं पिठलं-भाकरी खाल्ली, दोनदा चहा घेतला आणि उन्हं कलल्यावर एस.टी.ला गेले. जाताना मला म्हणाले, "तुला राग असायला कारण हाय. नोंद घेतली."

मी चिडलो होतो, खोटं कशाला सांगू. आपण ज्याला मत दिलं त्यानेच आपल्या बायकोसमोर आपली उलटतपासणी करायची म्हणजे काय? त्यात महाडला कोणीही भेटलं की विचारी, "काय सकपाळ, फुली तुमचीच का?" चेष्टाच ती, पण नवीन माणसाला लागते. चार महिन्यांत दोघांनी मला खरंच बाजूला घेऊन सांगितलं, केली असली तर कबूल करून टाक, बाकीचे सुटतील.

चौकशीची नानांची रीत अशी की आधी कारण शोधायचं. फुली मारणाऱ्याच्या मनात काहीतरी खुपत असणार, ते सापडलं की माणूस सापडला. हिरकणीवाडीकडे आमचा शेडगे नावाचा वनरक्षक एकटाच राहायचा. भर पावसात नाना तिथे पोचले. तिथला त्यांचा शेरा मी पुढे वहीत वाचला: "चार पत्रे गळतात. अंथरूण ओले. एवढ्या गळक्या छपराखाली राहणाऱ्यास संघटनेचा राग येणे शक्य. शिवाय अंगात ताप." त्याच पानावर पुढे त्याला महाडच्या दवाखान्यात नेल्याची नोंद. मुकादमांच्या मुलाचं आखाती देशातून दोन महिने पत्र नव्हतं. नानांनी हे कारण धरलं आणि महाडच्या एस.टी.डी. बूथवर मुकादमांबरोबर तीन दिवस बसून राहिले, लाइन लागेपर्यंत. फोन झाल्यावर मुकादम रडायला लागले, तेव्हा नानांनी विचारलं, "आता सांगा, फुली तुमची का?"

दिवाळीच्या सुमारास एक अर्ज द्यायला मी पोलादपूरला गेलो. नाना नुकतेच बाहेरून येऊन दारासमोर उभे होते. टाचा उंचावून फटीत बघत होते.

"आहे का काडी?" मी विचारलं.

"हाय. तशीच हाय."

"मग चांगलंच की."

"चांगलंच तर," ते म्हणाले, पण कुलूप काढायची घाई केली नाही. आत एक कॉट, भिंतीवर नानांच्या वारलेल्या बायकोचा हार घातलेला फोटो, फळीवर नंबर घातलेले डबे. मुलगी नालासोपाऱ्याला दिलेली, ती गणपतीत येऊन गेली होती. चहा करायला त्यांनी दोन कप काढले. एक रोजचा होता, दुसऱ्यावरची धूळ त्यांना पुसावी लागली.

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही सगळ्यांनी मिळून ठराव आणला. येत्या मतदानात फुली पडली नाही तर चौकशी कायमची बंद. कोणी कोणाच्या घरी वही घेऊन जायचं नाही. नाना म्हणाले, "मान्य." मग पाणी मागितलं आणि तांब्याभर प्यायले.

जानेवारीत सभा भरली. नानांनी वर्षाचा अहवाल वाचला. वरंध चौकीस झऱ्यापासून पाइप मिळाला. हिरकणीवाडी चौकीचे पत्रे बदलले. आजारी सभासदास दवाखान्यात दाखल केले. अशी दीड पान कामं होती. मी ऐकत होतो आणि माझ्या लक्षात आलं की यातलं एकेक काम चौकशीतून निघालेलं आहे. संघटनेने वर्षभर दुसरं काहीच केलं नव्हतं. पण त्या दिवशी मला तेवढा विचार करायला सवड नव्हती, कारण आमचा बेत ठरला होता. मतदानाआधी डेपोच्या मागे जांभळाखाली एकेकाने आपली चिठ्ठी मला आणि मुकादमांना उघडून दाखवायची, मगच पेटीत टाकायची. गुप्त मतदानाचे बारा वाजले तरी चालतील, पण माझ्यावरचा आळ जायला हवा होता. माझी धरून सत्तावीस चिठ्ठ्या मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. सत्तावीसही खुणा.

मोजायला मलाच बसवलं. संशयिताने मोजलेलं कोणी खोटं म्हणणार नाही, असं नानांचं म्हणणं. मी एकेक चिठ्ठी उघडून वाचत गेलो. खूण, खूण, खूण. सत्तावीस झाल्या. अठ्ठाविसावी उघडली.

फुली.

मुकादम माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. आम्ही पाहिली नव्हती अशी एकच चिठ्ठी पेटीत होती, आणि ती टाकणारा माणूस माझ्या समोर वही उघडून बसला होता.

"बगा," नाना म्हणाले. "मी सांगत होतो."

मला आधी राग आला. अस्सा राग आला की चिठ्ठी त्यांच्या पुढ्यात आपटून विचारावं, माझ्या बायकोला का जाब विचारलात? मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. जिवावरचं टळल्यासारखा झाला होता तो चेहरा. मला त्यांचं ते दार आठवलं आणि टाचा उंचावून केलेली ती खात्री. तशीच हाय. कोणी आलं नव्हतं. वर्षानुवर्षं ती काडी तशीच असणार, आणि सत्तावीस घरांत जाऊन जेवायला या माणसाला एका फुलीशिवाय दुसरं निमित्त सुचलं नसणार. माझा राग कुठे गेला कळलं नाही.

"नाना," मी म्हणालो, "फुली वरंधच्या बाजूची वाटते."

"म्हंजे तुजी?"

"संशय घ्यायला जागा आहे. कधी येताय?"

मुकादमांनी खाकरून घसा साफ केला. "मी पण काय सांगू शकत नाय हां माझ्याबद्दल. रमजानच्या आत येऊन जा." मागून शेडगे म्हणाला, माझं छप्पर आता गळत नाही, पण येऊन खात्री करा. नाना भराभर लिहून घेत होते. वहीतून डोकं वर काढत नव्हते.

पुढच्या आठवड्यात माझं पोलादपूरला काम निघालं. नाना फिरतीवर गेलेले, दाराला कुलूप. मी टाचा उंचावल्या, दोन वीत वर हात घातला, काडी काढली, उंबऱ्यावर ठेवली आणि परत आलो.

रविवारी नाना चौकीवर आले ते पाणीही न पिता म्हणाले, "सकपाळ, माज्या घरी कोणीतरी आलं होतं."

"काय गेलं?"

"गेलं काय नाय." ते ओट्यावर बसले, छत्री मांडीवर आडवी घेतली. "पण आलं होतं."

"संशय कोणावर आहे?"

नानांनी वही काढली, पण उघडली नाही. नळाखाली हंडा भरत असलेल्या सुनंदाकडे त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे.

"सगळ्यांवर हाय," ते म्हणाले.