काचपेटीतलं निळं-सोनेरी नाणं

"डोळे सगळ्यांनाच असतात, नजर फक्त मला आहे!" हे वाक्य भिंगसाहेब रोज दाढी करताना आरशाला ऐकवत. आरशाने आजवर कधी हरकत घेतली नव्हती. नोकरीत असेपर्यंत ते पाण्याचे मीटर वाचायचे. निवृत्त झाल्यावर माणसं वाचू लागले. 'भिंगसाहेब' ही पदवी त्यांनी स्वतःला बहाल केली आणि 'सहायक' ही साडूला. साडूला ती नको होती. पण बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची कुणाची टाप आहे? शिवाय स्कूटर साडूची होती.

त्या दिवशी त्यांना घड्याळवाल्याने बोलावलं. नाणेसंग्राहक मंडळाच्या काचपेटीत त्याचं एक चांदीचं नाणं होतं. हजारो हातांतून फिरल्यामुळे त्यावरच्या राजाचं नाक पार झिजलं होतं. बाकीचे सभासद नाणं एकदा पेटीत ठेवलं की विसरून जात. हा मात्र बघणाऱ्यांना दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून अधूनमधून पेटी उघडायला लावून ते उलटवून ठेवायचा. या वेळी उलटवलं, तर खालची बाजू निळी-सोनेरी!

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी भर सभेत गर्जना केली, "हा मुलामा आहे! यांच्या दुकानात घड्याळांना सोनेरी मुलामा देतातच की!" त्याच संध्याकाळी होणाऱ्या बैठकीत घड्याळवाल्याला मंडळातून काढून टाकायचं, असं ठरलं होतं.

"मंडळाचं सोडा हो," घड्याळवाला म्हणाला, "पण मी फसवतो असं एकदा पसरलं, तर वडिलांच्या आठवणीचं घड्याळ माझ्याकडे विश्वासाने कोण टाकून जाईल?" साडूला फार वाईट वाटलं. भिंगसाहेबांना फार आनंद झाला, कारण महिनाभरात हाती लागलेलं हे पहिलंच प्रकरण होतं.

संध्याकाळी तिघे मंडळाच्या खोलीत पोचले. डॉक्टर पेटीपाशी पहारा देत उभे होते, बैठकीला आलेले सभासद खुर्च्यांवर बसले होते आणि त्यांच्यात खजिनदारबाई विणकाम करत होत्या.

"मुलामा आणि आपोआप चढलेला रंग यांत फरक कसा करायचा?" साडूने हळूच विचारलं.

"मुलामा सगळीकडे सारखा बसतो," घड्याळवाला म्हणाला, "आणि झिजू लागला की आधी उंच भागावरून उडतो. हा रंग बघा, कडेला गडद आणि आत फिका फिका होत गेलाय."

"ही झाली सामान्य माणसाची पद्धत," असं म्हणून भिंगसाहेबांनी नाणं चावलं. नाणं जसंच्या तसं राहिलं, दात मात्र हलला.

"उद्या सकाळी दवाखान्यात या," डॉक्टर सवयीने म्हणाले.

गालावर हात दाबून भिंगसाहेबांनी पहिला सिद्धान्त मांडला: शेजारच्या सोनाराने जुन्या वैरातून हे केलं. घड्याळवाल्याच्या शेजारी सोनार नव्हता, चपलांचं दुकान होतं. मग दुसरा: रात्री कुणीतरी नाण्याची अदलाबदल केली. पण पेटीची एकुलती एक किल्ली डॉक्टरांच्या गळ्यात होती. शेवटी त्यांनी राजाच्या चेहऱ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि सांगितलं, "याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव आहेत."

"दादा, तो राजा आहे," साडू म्हणाला. "त्या वेळी तसेच असायचे."

"मला तुलनेसाठी एक निर्दोष नाणं हवं!" भिंगसाहेब गरजले.

"हे घ्या माझं. अस्सल चांदी कशी असते ते बघून घ्या सगळ्यांनी!" डॉक्टरांनी आपलं लाडकं नाणं उचलून दिमाखात पालथं केलं. खालची बाजू मोरपिसासारखी निळी-सोनेरी होती.



"दुसरा गुन्हेगार!" भिंगसाहेब ओरडले. "डॉक्टर, तुम्हीसुद्धा?"

खजिनदारबाईंनी विणकाम बाजूला ठेवून स्वतःचं नाणं उलटवलं. तेही तसंच. भिंगसाहेबांना आता घामच फुटला. "साडूराव, दार लावा! अख्खं मंडळ सामील आहे!"

"ओरडू नका हो," बाई म्हणाल्या. त्यांनी पेटीतल्या कापडाचं टोक उचलून वास घेतला. "रबराचा वास येतोय. माझे चांदीचे चमचे रबरबँड लावून ठेवले होते, तेव्हा असेच रंगले होते. हे नवं कापड कुणी चिकटवलं?"

"मीच," डॉक्टर पुटपुटले. "दवाखान्यातल्या खुर्चीची गादी चिकटवली, त्यातला रबराचा गोंद उरला होता. म्हटलं, नवा कशाला आणायचा?"

"मला पहिल्यापासून गोंदाचाच संशय होता," भिंगसाहेब म्हणाले. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला. मग एकदम उजळलेल्या चेहऱ्याने ते म्हणाले, "म्हणजे हा मुलामा नाहीच! रंग आपोआपच चढलाय. हे तर नाण्याचं सौंदर्य! प्रदर्शनात सगळ्यांची हीच बाजू वर ठेवू या." दोन-तीन माना लगेच डोलल्या. कालपर्यंत जो डाग होता, तो आज दागिना झाला.

घड्याळवाल्याची मान मात्र डोलली नाही. तो पेटीपाशी तसाच उभा राहिला. डॉक्टर त्याच्याजवळ सरकले, खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी कुजबुजले, "चुकलंच जरा माझं. मनावर घेऊ नका."

"आळ भर सभेत घेतलात, डॉक्टर," घड्याळवाला म्हणाला. "माफी कानात नको."

दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणाऱ्या माणसाला स्वतःचं उघडायला फार वेळ लागला. पण खजिनदारबाई विणकामाची सुई हातात धरून वाट बघत होत्या. शेवटी डॉक्टर खुर्च्यांकडे वळले आणि रस्त्यावरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा माणूस खरा आहे. मी चुकलो."