नाना चुकीचं वाचतात

आमच्या चाळीसगावच्या गल्लीतले नाना रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पोरांना गोष्ट वाचून दाखवतात, आणि मुद्दाम चुकीची वाचतात.

"राजा सिंहासनावरून उठला आणि म्हणाला, प्रधानजी, आज दरबार नको. झणझणीत शेवभाजी करा."

दहा-बारा पोरं एकदम ओरडतात, "नाना, असं नाहीये!"

नाना चष्म्यावरून बघतात. "कोठे लिखेल शे? दखाड!"

आता कुठे लिहिलंय ते दाखवायचं, तर वाचावं लागतं. कुणीतरी पुस्तक ओढून घेतं, ओळीवर बोट ठेवून खरं काय ते वाचतं. नाना कान पकडतात. "चुकनू रे भाऊ!" आणि पुढच्याच पानावर राजकन्येला पळवणाऱ्या राक्षसाची धुळ्याची गाडी चुकवतात.

गंमत म्हणजे याच माणसानं उभा जन्म धुळ्याच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. गल्लीत आलेली लग्नपत्रिका अजूनही आधी त्यांच्या लाल पेनाखालून जाते. माझ्या भाचीच्या पत्रिकेत 'शुभार्शिवाद' छापलं होतं. नानांनी ती दुरुस्त करून माझ्याच हातात दिली. म्हणाले, "ताई, रफार एक स्टेशन आधीच उतरलाय."

माझी अन्वी तिसरीत आहे. बोलताना अडखळते. वर्गात धडा वाचताना पोरं हसली, तेव्हापासून तिनं पुस्तकच मिटलं. मी तिला नानांच्या ओट्यावर नेऊन बसवलं. महिनाभर ती खांबाला टेकून नुसती ऐकत होती.

"नाना, हिलाही वाचायला सांगा ना," मी एकदा म्हटलं.

"बसू द्या तिले, ताई," एवढंच म्हणाले.

मग एकदा एका कासवाची गोष्ट चालली होती. नानांनी वाचलं, "कासव तळ्यात गेलं, ते पुन्हा कधी आलंच नाही."

पोरांनी ओरडायला तोंड उघडलं. एवढ्यात खांबाजवळून आवाज आला, "आ... आलं! कासव आलं!"

"कोठे लिखेल शे? दखाड!"

अन्वी उठली. तिनं पुस्तक घेतलं. "दु... दुसऱ्या दिवशी का... कासव परत आलं." एका ओळीला तिला बराच वेळ लागला, पण कुणी हसलं नाही. त्या संध्याकाळी नानाच वीस वेळा चुकले होते, हिचं काय घेऊन बसायचं! नानांनी कान पकडले. अन्वी पुढची ओळ वाचायला लागली, मग पुढचं पान. नानांनी पुस्तक परत मागितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुरणाचे मांडे घेऊन त्यांच्याकडे गेले. नाना एकटेच राहतात. मी विचारलं, "एक रफार न सोडणारे तुम्ही, हे चुकीचं वाचणं कुठून शिकलात?"

नानांनी मांड्यांचं ताट बाजूला ठेवलं.

"माझा संदीप तुमच्या अन्वीएवढा होता. 'पाणी'ला 'पानी' वाचायचा. मी दर चुकीला थांबवायचो. हातात पट्टी असायची. वर्षभरात त्याच्या चुका थांबल्या. वाचणंही थांबलं. माझ्याशी बोलणंही."

संदीप सुरतेला असतो, कापडाचं दुकान आहे. दर रविवारी फोन करतो. तब्येत बरी? बरी. ठेवू? ठेव.

"काल रविवार नसतानाही फोन आला," नाना म्हणाले. "म्हणाला, पोरगी शाळेत वाचायला घाबरते. सुट्टीत तुमच्याकडे पाठवू का?"

"मग?"

"पाठव म्हणालो. एवढंच बोलून फोन ठेवला." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा पुसला. "ताई, जरा फोन लावून देता?"

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून "हॅलो, नाना?" ऐकू आलं.

"संदीप," नाना म्हणाले. "पोरीले धाडशीच. तू बी येशी ना?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. नाना मात्र "कोणती गाडी?" विचारत खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.