बिनविम्याचा माणूस पाहिजे

“आकडे नकोत मला. माणूस दाखवा,” वित्तसचिव म्हणाले आणि त्यांनी फाइल बाईंच्या बाजूला सरकवली.

बाई म्हणजे आरोग्य धोरण विभागातल्या बाई. अख्खी इमारत त्यांना विमाबाई म्हणायची, पाठीमागेही आणि तोंडावरही. एके काळी त्या रुग्णालयात डॉक्टर होत्या, पक्क्या नोकरीत. पण औषधाची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवणारे आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून निघून जाणारे रोगी बघून बघून त्यांचा जीव विटला. नुसत्या चिठ्ठ्या लिहून काय उपयोग, या लोकांच्या विम्याचंच काहीतरी बघायला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि वर्षावर्षाच्या करारावर धोरण विभागात आल्या. बाईंनी एकदा ठरवलं की संपलं. स्वतःचा धंदा करणारे, कंत्राटदाराच्या हाताखाली राबणारे, नोकरी सुटलेले, अशा सगळ्या बिनविम्याच्या लोकांना सरकारी आरोग्य विम्यात घेण्याची योजना त्यांनी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. आता फक्त वित्तसचिवांची सही राहिली होती. आज झाली तर उद्या फाइल मंत्रिमंडळापुढे. नाही झाली तर पुढचं वर्ष, आणि पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं!

“साहेब, दहातल्या एकाला विमा नाहीये,” बाई म्हणाल्या. “हे बघा, इथे तक्त्यात—”

“तक्ता राहू द्या हो. तुमचा हा दहातला एक मला आजवर भेटलेला नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, आहे की विमा. मग पैसे कोणासाठी देऊ? संध्याकाळी पाच वाजता मी उठतो. त्याआधी एक बिनविम्याचा माणूस या टेबलासमोर उभा करा. करतो सही.”

“करतो म्हणजे नक्की करणार?”

“बाई, वित्त खात्यात जन्म गेला माझा. शब्दसुद्धा मोजून देतो.”

साहेब महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. खोलीत माणसाला वावरायला जागा नव्हती इतकी खोकी भरून ठेवलेली होती आणि निकालात न निघालेल्या फायलींचा ढीग एका खुर्चीवर चढवलेला होता. बाई खोक्यांना वळसा घालत बाहेर पडल्या. दाराशी स्टुलावर साहेबांचा शिपाई बसला होता. सुरुवात घरापासूनच करावी म्हणून बाईंनी त्यालाच विचारलं.

“काय हो, तुमचा विमा आहे का?”

“आहे की!” शिपाई छाती काढून म्हणाला. साहेबांना भेटायला आलेले चारपाच जण तिथेच बाकावर बसले होते. त्यांनीही माना डोलावल्या. “नसायला काय झालं?”

चला, दहातला पहिला गेला. बाई जिना उतरल्या.

रस्त्यावर पेपरवाला म्हणाला, आहे. शिंपी म्हणाला, आहे. टॅक्सीवाल्याने काच खाली केली, प्रश्न ऐकला, “आहे, आहे,” म्हणाला आणि काच वर केली. फुलवालीने तर उलट बाईंनाच विचारलं, “तुम्ही एजंट का?” बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं गाव जर विम्यात होतं, तर रुग्णालयात त्या चिठ्ठ्या खिशात घालून जाणारे होते तरी कोण?

कोपऱ्यावर किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी होती. त्याने मात्र मान वर न करता सांगितलं, “विमा? छे! मला काय धाड भरलीय? मी आजारी पडतच नाही.”

“म्हणजे खरंच नाही?”

“सांगतोय ना, नाही म्हणून!”

बाईंना तर त्याला ओवाळावंसं वाटलं. “भाऊ, अर्धा तास माझ्याबरोबर चला. काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं आणि आत्ता बोललात तेच बोलायचं.”

“टपरी कोण बघणार?”

“दोन किल्ल्या करून घेते तुमच्याकडून.”

“कशाच्या?”

“कशाच्याही करा हो!”

किल्लीवाला आला. बाईंनी त्याला आपल्या विभागात नेलं, हेडक्लार्कच्या टेबलाशी बसवलं, “यांना चहा द्या, मी साहेब मोकळे आहेत का बघून येते,” म्हणाल्या आणि वर गेल्या. इथेच घोटाळा झाला.

हेडक्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणत. माणूस देवमाणूस, पण बिनविम्याचा मनुष्य दिसला की घरात उंदीर दिसल्यासारखं व्हायचं त्यांना. जुन्या योजना, त्यांच्या पुरवण्या, पुरवण्यांच्या दुरुस्त्या, कुठली तरी फट शोधून त्या माणसाला कशात तरी बसवल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. गंमत म्हणजे ही सवय त्यांना लावली होती बाईंनीच. ‘आपल्या विभागाच्या दारातून बिनविम्याचा माणूस तसाच परत जाता कामा नये,’ हे वाक्य बाईंनी स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर लावलं होतं.

साहेब बैठकीत होते. बाई परत आल्या, तर भाऊसाहेब हात चोळत उभे आणि चेहरा कसा आनंदाने फुललेला.

“काम फत्ते, बाई! यांच्या मिसेस सरकारी शाळेच्या ग्रंथालयात आहेत. म्हणजे नवरा म्हणून हे आपोआप बसतात. दहा वर्षं बसत होते आणि यांना पत्ताच नाही! टाकलं नाव, निघालं कार्डसुद्धा.”

बाई मटकन खुर्चीवर बसल्या. “भाऊसाहेब, काय केलंत हे?”

“का? चुकलं?”

“अहो, तो मला तसाच पाहिजे होता! बिनविम्याचा!”

भाऊसाहेबांनी भिंतीवरच्या वाक्याकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं. किल्लीवाला कार्ड उलटसुलट करत होता. “फुकट चष्मा मिळेल का यावर?” त्याने विचारलं. मिळत होता. तो खूश होऊन गेला, आणि जाताना बाईंच्या हातात दोन किल्ल्या ठेवून गेला. कशाच्या ते त्यालाच ठाऊक.

चार वाजून गेले होते. पण हात टेकतील त्या बाई कसल्या! पुन्हा रस्त्यावर. मागच्या गल्लीत केस कापणाऱ्या एका बाईचं छोटं दुकान होतं. खुर्ची एकच, तीही रिकामी. या वेळी विमाबाईंनी हुशारी केली. भाऊसाहेबांच्या वाऱ्यालाही माणूस उभा करायचा नाही, थेट साहेबांकडे न्यायचा.

“नाही हो विमा,” कात्रीवाली म्हणाली. “पूर्वी होता. बिस्किटाच्या कारखान्यात होते तेव्हा. कारखाना बंद पडला, विमा गेला.”

“अरेरे,” बाई म्हणाल्या, पण आतून गुदगुल्या होत होत्या. “कधी बंद पडला?”

“झाली दोनेक वर्षं.”

बाईंच्या गुदगुल्या तिथेच थांबल्या. कारण कारखाना बंद पडला तर कामगाराचा विमा पुढे पाच वर्षं चालू राहतो, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. तो त्यांनीच भांडून करून घेतला होता. आता बघा, नुसतं गप्प बसायचं होतं. अर्धा तास. पाच वाजून गेल्यावर सांगितलं असतं तरी आभाळ कोसळणार नव्हतं. बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि आरशात स्वतःकडे बघितलं.

“दुखतं का हो तुमचं काही?” त्यांनी हळूच विचारलं.

“खांदा. रात्रंदिवस ठणकतो. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे...” तिने कात्री पुसून ठेवली. “बघू पुढच्या महिन्यात.”

झालं! या तीन शब्दांपुढे बाईंचं कधीच काही चालायचं नाही.

“पुढच्या महिन्यात नाही, आज जायचं!” त्या जवळजवळ ओरडल्याच. “तुमचा विमा चालू आहे, वेडाबाई! तीन वर्षं शिल्लक आहे अजून!”

कात्रीवालीला आधी खरंच वाटेना. मग वाटलं, आणि तिने बाईंना अशी मिठी मारली की बाईंचेच डोळे भरून आले. दोघी रडल्या, दोघी हसल्या. मग बाईंनी घड्याळ बघितलं आणि त्या पळाल्या. वीस मिनिटं राहिली होती आणि हातात माणूस नव्हता. इमारतीचा जिना त्यांनी दोन-दोन पायऱ्या घेत चढायला सुरुवात केली आणि पहिल्याच वळणावर पाय असा मुरगळला की ब्रह्मांड आठवलं.

भाऊसाहेब धावत आले. बाईंना आधार देऊन त्यांनी तळमजल्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथली नर्स कडक होती. पाय बघायच्या आधी तिने कार्ड मागितलं आणि ते यंत्रात घातलं.

“बंद आहे हे.”

“यंत्र?”

“कार्ड. करार संपलाय तुमचा, एक तारखेलाच. नूतनीकरणाची फाइल वित्त खात्यात पडून आहे. सरकारी करार असो की नोकरी, संपली की त्याच दिवशी विमा बंद. बायको, नवरा, मुलं, सगळ्यांचा.”

“हा कुठला अडाणी नियम?” बाई कळवळून म्हणाल्या. “कोणी केला?”

नर्सने यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवला. “तुम्हीच केलाय, बाई. गैरवापर होऊ नये म्हणून. खाली सही आहे बघा.”

बाईंनी सही बघितली. त्यांचीच होती, चांगली झोकदार. मोठ्या फाइलच्या मागे धावता धावता स्वतःची फाइल त्या साफ विसरल्या होत्या. आणि मग त्यांनी अशी टाळी वाजवली की नर्स दचकून मागे सरली.

“सापडला! भाऊसाहेब, बिनविम्याचा माणूस सापडला! मी!”

भाऊसाहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “थांबा हं, बाई. काहीतरी निघेल. तुमच्या मिस्टरांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, त्यावरून नाही जमायचं... पण तुमचे वडील कुठल्या खात्यात—”

“भाऊसाहेब, पुढचं अक्षर काढलंत तर माझ्याशी गाठ आहे! मला कशातही बसवायचं नाही. पाच वाजेपर्यंत नाही.”

“अहो, पण पाय केवढा सुजलाय!”

“सुजू दे. दुसऱ्याचा हक्क एक मिनिट दाबून ठेवता आला नाही मला. माझा राहील की थोडा वेळ.”

नर्सने नियम बाजूला ठेवून पट्टी तेवढी बांधली. “पाय उंचावर ठेवायचा, खाली सोडायचा नाही,” असं दटावलं आणि एका पायावर उड्या मारत निघालेल्या बाईंकडे कपाळाला हात लावून बघत राहिली.

साहेब छत्री घेऊन उठलेच होते. बाई भाऊसाहेबांच्या खांद्यावर रेलून आत शिरल्या आणि टेबलासमोर उभ्या राहिल्या, जमेल तशा.

“आणला माणूस, साहेब.”

“हे? यांना मी ओळखतो. हे सरकारी नोकर आहेत.”

“ते नाही. मी. माझा करार संपलाय, विमा बंद झालाय. माझ्यामुळे मिस्टरांचा आणि मुलीचाही. एक मागितला होतात, तीन आणलेत.”

साहेब सावकाश खाली बसले. मग त्यांच्या डोळ्यांत वित्त खात्याची चमक आली. “नूतनीकरणाची फाइल माझ्याकडेच आहे ना? हात्तिच्या! आत्ता सही करतो. की झालात तुम्ही विमाधारक. मग कुठे राहिला तुमचा माणूस?” आणि त्यांनी खुर्चीवरच्या ढिगाकडे हात केला.

पण बाई त्यांच्याआधी पोचल्या होत्या. शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी पट्टी बांधलेला पाय उचलला आणि थेट त्या ढिगावर ठेवला.

“नर्सने सांगितलंय, उंचावर ठेवायचा.”

“बाई, पाय काढा.”

“आधी मोठी फाइल. मग माझी. तोपर्यंत माझ्या विम्याला हात लावायचा नाही. सांगून ठेवते, मी इथून हलायची नाही.”

साहेबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. तेवढ्यात दारातून एक बारीक आवाज आला.

“साहेब, मलापण नाही.”

शिपाई होता. सकाळची छाती आता कुठल्या कुठे गेली होती. “मी कंत्राटदाराकडचा माणूस. आम्हाला काही नसतं. सकाळी बाईंनी विचारलं, पण चारचौघांत नाही कसं म्हणायचं? लाज वाटली. तुम्हीपण मागे विचारलं होतंत साहेब, तेव्हापण आहेच म्हणालो. आता बाईंसारख्या बाई नाही म्हणतायत, तर मग मी तरी कशाला लपवू?”

साहेब त्याच्याकडे वळले. बारा वर्षं हा माणूस त्यांच्या दाराशी बसत होता. बाईंना वाईट वाटलं, रागही आला आणि त्या पेपरवाल्याचा, शिंप्याचा, टॅक्सीवाल्याचा चेहरा एकेक करून आठवला. भाऊसाहेबांचा हात तर आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला होता.

“भाऊसाहेब!” बाई गरजल्या. “सही होईपर्यंत पेन आत!”

साहेबांनी मोठी फाइल ओढली, शेवटचं पान काढलं आणि सही केली. मग पुन्हा एकदा नीट बघून तारीख घातली. “पाय काढा आता,” ते हळूच म्हणाले. बाईंनी पाय काढला, साहेबांनी ढिगातून त्यांची फाइल शोधली आणि तिच्यावरही सही केली.

बाईंनी डोळे मिटले. इतक्या वर्षांचा शीण एकदम उतरल्यासारखं त्यांना वाटलं. आणि पाय आत्ता कुठे खरा दुखायला लागला. भाऊसाहेब शिपायाला बाजूला घेऊन त्याचं नाव लिहून घेत होते. बाईंना जपून घरी सोडा, असं साहेबांनी शिपायाला सांगितलं, छत्री उचलली आणि दारापर्यंत जाऊन ते थबकले.

“भाऊसाहेब,” ते घसा साफ करत म्हणाले, “एक विचारायचं होतं. तीस तारखेला मी रिटायर होतोय. त्यानंतर... म्हणजे एक तारखेपासून...”

“बंद,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या. “त्याच दिवशी. नियम माझाच आहे.”

साहेबांनी छत्री पुन्हा कोपऱ्यात ठेवली आणि भाऊसाहेबांनी, चेहऱ्यावरचा आनंद लपवायचा जराही प्रयत्न न करता, त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.