नानांचे सुटे पत्रे

“दगडांचा कोणी विमा देतं का?” वादळात झालेलं नुकसान बघायला आलेले विम्याचे साहेब फोनवर हळूच हसत म्हणाले, आणि नानांनी ते ऐकलं.

“चोर!” नाना ओरडले. “बठ्ठा चोर शेतस!”

नाना आमचे अमळनेरचे शेजारी, भिंतीला भिंत. सगळे चोर आहेत, हे त्यांचं ठाम मत. त्यात दूधवाला येतो, एसटी येते, पंख्याचं रेग्युलेटर येतं. एकदा अधिक महिनाही आला होता. ते शांतपणे बोलले, तर त्यांना बरं नसणार असं आम्ही समजतो.

आयुष्यभर ते तेलाच्या मिलमध्ये फिटर होते. आमच्या दाराची बिजागरी सैल दिसली की न विचारता पाना घेऊन येतात आणि आवळताना आम्हालाच बोलतात. आणि याच माणसाच्या मागच्या खोलीवरच्या पत्र्यांना एकही बोल्ट नाही. नुसते दगड.

विमा काढताना एजंट म्हणाला होता, पुढे स्लॅब आहे, पण मागे पत्रा आहे म्हणून हप्ता वाढेल. “पत्र्याखाली काय म्हशी राहतात का?” असं कडाडून नानांनी वाढीव हप्ता भरला. मग मे महिन्यातल्या वादळाने तेच पत्रे उचलून गल्लीच्या टोकाला टाकले. नानांच्या पत्नी, आमच्या अक्का, त्या खोलीत झोपतात. त्या वेळी पुढच्या खोलीत होत्या म्हणून वाचल्या. आता पाऊस तोंडावर आलाय आणि खोली उघडी आहे.

“पत्रे बोल्टने बसवलेले असते तर तुमचा दावा पास झाला असता,” साहेब म्हणाले.

“बोल्ट होते!”

“मग पत्र्याला भोकं कुठे आहेत?”

“भोकं वादळानं बुजवली!”

मला हसू आलं आणि लगेच संताप. विम्याच्या इंग्रजी कागदात छप्पर कशाचं, किती जुनं, सगळं विचारलंय. नानांसाठी मीच तो वाचला होता. त्या छपराखाली कोण झोपतं, हे कुठेच विचारलेलं नाही. पण खरा राग नानांचाच आला; खरं कारण ते सांगतच नव्हते.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कोणी घरात झोपत नाही. सगळे गच्चीवर. अक्कांचं एक अंग लुळं पडलं आणि त्यांचा जिना सुटला. तेव्हापासून उन्हाळाभर नाना रोज संध्याकाळी वर चढतात, दगड उतरवतात आणि अक्कांच्या खाटेवरचे दोन पत्रे बाजूला सरकवतात. सकाळी ऊन यायच्या आत पुन्हा लावतात. आमच्या गच्चीवर त्यांचा आवाज येतो, “दख, हाई तुन्हं आभाय! आते तरी झोप!” मग अक्कांचं हसणं.

“खरं काय ते सांगून टाका ना, नाना,” मी काल म्हटलं होतं.

“बायकोनं दुखनं दखाडीसन पैसा मांगू का?” म्हणत त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं. बायकोचं दुखणं दाखवून पैसे मागणं त्यांना जमणार नव्हतं.

साहेबांनी पेन काढलं. “छपराच्या बाबतीत मालकाचा हलगर्जीपणा, असं लिहावं लागेल.”

नाना आता तुटून पडतील म्हणून मी वाट पाहिली. आतून अक्कांनी हाक मारली, तरी नाना जागचे उठले नाहीत. पत्र्याची वाकलेली कड अंगठ्याने सरळ करत बसले.

मी आमच्या पायरीवर उभी होते. परक्या माणसाशी बोलायला मी बिचकते. दुकानात सुटे पैसेसुद्धा मी परत मागत नाही. पण हलगर्जीपणा?

“साहेब, पैसे देऊ नका,” मी म्हणाले, आणि माझा आवाज नानांच्या वरताण चढला, “पण हलगर्जीपणा लिहू नका! पत्रे त्यांनी मुद्दाम सुटे ठेवलेत. अक्कांना आभाळ दिसावं म्हणून!”