चार बोटं माया

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नवी पँट शिवायची म्हणून मी दस्तगीर मास्तरांच्या दुकानात गेलो आणि पहिली चूक केली ती तोंड उघडायची. म्हणालो, "मास्तर, कंबर छत्तीस."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडं एकदाच पाहिलं. टेप गळ्यात लोंबत होता, त्याला हातसुद्धा लावला नाही.

"सर, छत्तीस तुमी लग्नात हुता. आता एक्केचाळीस हाय. वहीत छत्तीस लिवू का? लिवतो. पँट एक्केचाळीसचीच शिवतो."

दुकानात माझे दोन माजी विद्यार्थी बसले होते. वर्गात माझ्या एकाही विनोदाला ते कधी हसले नव्हते, तो सगळा अनुशेष त्यांनी तिथं भरून काढला. मी इरेला पेटून टेप लावायला लावला. एक्केचाळीस. तेही मी श्वास रोखून धरलेला असताना.

इंदापुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत मास्तरांचं दुकान आहे. "माप सांगू नका, नुसतं उभं ऱ्हावा," हे त्यांचं पालुपद. माणूस पायरी चढेपर्यंत त्यांचं मोजून झालेलं असतं. सोसायटीच्या निवडणुकीआधी एका उमेदवारानं पांढरा ड्रेस शिवायला टाकला आणि निकाल लागल्यावर न्यायला आला. मास्तर म्हणाले, "जरा बसा अण्णा, छाती दीड इंच उतरली तुमची. बारीक करून देतो." तो तसाच ड्रेस घेऊन तणतणत गेला. पुढं चारचौघांत तो ड्रेस त्याच्या अंगावर खरोखरच ढगळ दिसायचा.

रेडिमेड कपड्यांवर त्यांचा राग. "रेडिमेड म्हंजी कुणासाठीच न शिवलेलं कापड," म्हणतात. आणि हे म्हणताना रस्त्यानं जाणाऱ्या रेडिमेडवाल्यांकडं असं बघतात, की ती माणसं उगाच शर्ट खाली ओढतात.

घरी मास्तर आणि मुलगा अल्ताफ, दोघंच. अल्ताफ सातवीत असताना त्याची आई गेली. दुकानामागच्या दोन खोल्यांत मास्तरांनी भाकरी थापून त्याला वाढवला, पण सुईत दोरा ओवायलाही कधी हाक मारली नाही. डोळ्यांना जवळचं दिसेनासं झालं तेव्हा गल्लीतल्या गिऱ्हाइकांकडून दोरा ओवून घ्यायचे. पोराची बोटं वहीवरच राहिली पाहिजेत, हा हट्ट. पोरगं बारामतीला इंजिनिअर झालं आणि पुढं शिकायला जर्मनीला गेलं.

अल्ताफला पाचवी ते दहावी इंग्रजी मी शिकवलं. तो जर्मनीत टिकेल, कारण तिथं इंग्रजी बोलत नाहीत, असं माझ्या बायकोचं मत.

रोज संध्याकाळी पाचला, तिकडच्या दुपारी, त्याचा फोन यायचा. मास्तर मोबाईल शिलाई मशीनला टेकवून ठेवायचे. शाळा सुटल्यावर मीही जाऊन बसायचो. गल्लीत मी परदेशाचा जाणकार समजला जातो. प्रत्यक्षात हैदराबादच्या पलीकडं मी गेलेलो नाही.

सुरुवातीला अल्ताफचे फोन म्हणजे करमणूकच होती. पहिल्याच रविवारी पोरगं उपाशी राहिलं, कारण तिकडं रविवारी झाडून सगळी दुकानं बंद असतात हे याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या रविवारी त्यानं कपडे धुवायचं मशीन लावलं, तर सुट्टीच्या दिवशी आवाज केला म्हणून दारावर शेजाऱ्यांची चिठ्ठी. "सर, बसमधी चाळीस माणसं असत्यात आणि आवाज फकस्त इंजिनाचा," तो सांगायचा.

मी त्याला वडीलकीचा सल्ला दिला. "अरे, आपण विचारपूस केली की माणसं बोलतात. सुरुवात तू कर."

त्यानं ऐकलं. तेवढं ऐकायला नको होतं. इमारतीत खालच्या मजल्यावर एक म्हातारी बाई राहायची. ती जिन्यात भेटली की हा रोज हसून विचारायचा, "कुठं निघालात?" आता आपल्याकडं याचं उत्तर कुणी देत नाही. "हितंच" म्हणायचं आणि पुढं जायचं, झाला नमस्कार. पण यानं ते वाक्य जर्मनमध्ये नीट पाठ करून विचारलेलं. पाचव्या दिवशी घरमालकाचं पत्र आलं. बाई घाबरल्या आहेत, हा परका मुलगा आपल्या जाण्यायेण्यावर पाळत का ठेवतो म्हणून.

सांगताना अल्ताफ हसत होता. मीही पोट धरून हसलो. पत्र खरं तर माझ्याच नावानं यायला हवं होतं. तो पुढं म्हणाला, "आता जिन्यात पावलं वाजली की मी खोलीतच थांबतो, सर. माणसं गेली की मग उतरतो." मी त्यालाही हसलो.

मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, "उभा ऱ्हा. जरा मागं सरक. हात खाली सोड."

हे रोजचंच. आम्ही विचारणार जेवलास का, थंडी किती, अभ्यास काय म्हणतो. मास्तर काहीच विचारायचे नाहीत. उभं करायचे, बघायचे, "बस" म्हणायचे. पोराशी दोन शब्द बोलायचं सोडून हे काय, असं मी बायकोला कितीदा म्हणालो असेन.

थंडी वाढली. तिकडं चारलाच अंधार पडायला लागला. अल्ताफचं उत्तर ठरलेलं, "मस्त चाललंय." एके दिवशी फोन ठेवल्यावर मास्तर म्हणाले, "सर, पोरगं उतरलं."

मी विचारलं, "कुठं? गाडीतनं?"

"अंगानं. दोन इंच. स्वेटरवर स्वेटर चढवून बसतंय, मला फसवतंय. खांदा झाकला म्हणून पडायचा ऱ्हातो व्हय?"

मी म्हणालो, फोनमध्ये माणूस बारीकच दिसतो. माझ्या बाबतीत तो दिसत नाही, हा भाग वेगळा.

मास्तरांनी मला एसटीत घालून बारामतीला नेलं आणि काळपट निळं जाड लोकरी कापड घेतलं. चार दिवस दुसरं काम हातात धरलं नाही. त्यात माझ्या पँटचा नंबर गेला आणि स्नेहसंमेलन मी जुन्याच पँटीत, सदरा बाहेर सोडून, साजरं केलं.

कोट कापताना मी बघत होतो. न राहवून म्हणालो, "मास्तर, तो गेला तेव्हाची मापं वहीत आहेत की."

"ती हितनं गेला त्या पोराची. कोट तितल्या पोराला घालायचा हाय."

शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. पुढं कपडा वाढवायचा झाला तर तीच उसवायची. एरवी बोटभर ठेवतात. मास्तरांनी दोन्ही बगलांना चांगली चार बोटं ठेवली. वालचंदनगरचे ओळखीचे एक इंजिनिअर कामानिमित्त तिकडं निघाले होते, त्यांच्याबरोबर कोट गेला आणि तिकडं पोचल्यावर त्यांनी तो टपालानं अल्ताफकडं धाडला.

मिळाला त्या दिवशी अल्ताफनं तो फोनसमोरच घातला. बटणं लावली. कुठं सुरकुती नाही, कुठं झोळ नाही. तो हसत हसत बाह्यांकडं बघत होता. मग हसायचा थांबला.

"अब्बा, तुमी माप कुठनं आणलं?"



पोरगं त्या कोटासकट खाली बसलं. फोनवर नुसती खोली दिसत होती, भिंत आणि खिडकीचा कोपरा. तिथनंच तो बोलायला लागला. दोन पेपरांना बसलाच नव्हता. वर्गात जाणं सोडलं होतं. दिवसातून एकदा पाव खायचा, तोही आठवण झाली तर. "हा फोन सोडला तर मी अकरा दिवस कुणाशी बोललो न्हाय, अब्बा. आत्ता माझाच आवाज मला मोठा वाटाय लागलाय." मग म्हणाला, "परत येऊ का?"

मी तोंड उघडलं. धीर सोडू नको, प्रयत्नांती परमेश्वर, असलं काहीतरी माझ्या जिभेवर तयार होतं. मास्तरांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"ये म्हणलं तर येशील," ते फोनकडं बघत म्हणाले, "ऱ्हा म्हणलं तर ऱ्हाशील. दोन्ही माझ्या मापानं व्हईल. दुसऱ्याच्या मापाचं अंगाला लागत न्हाय. तुझं तू बघ. आत चार बोटं माया हाय. तितं भरलास तर उसवून घे. न्हाय भरलास, तर तसाच अंगात घालून घरी ये. कमी कुठंच पडणार न्हाय."

आठ दिवसांनी अल्ताफनं सांगितलं. कॉलेजात मुलांचं ऐकून घेणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडं जाऊन तो सगळं बोलला. राहिलेले पेपर उन्हाळ्यात देणार. राहतोय.

"बरं," मास्तर म्हणाले आणि मशीन सुरू केलं. सुईत दोरा नव्हता. मी ओवून दिला.

घरी आलो तो विजयी मुद्रेनं. बायको मेथी निवडत बसली होती. म्हटलं, "पोरगं राहिलं बरं का! मास्तरांची नजर म्हणजे काय सांगू तुला!"

"आणि मास्तर?" तिनं विचारलं.

"मास्तरांचं काय? मजेत आहेत."

ती निवडायची थांबली. "रोज तास तास बसता ना तिथं? परवा संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेले होते मी. त्यांच्या सदऱ्याच्या गळ्यात माझी मूठ गेली असती. स्वतःच्या हातानं शिवलेला सदरा त्यांचा."

मी मेथीची जुडी पुढं ओढली आणि चुकीच्या बाजूनं निवडायला लागलो. तिनं ती माझ्या हातातनं काढून घेतली.

"उद्या जाताना डबा न्या," ती म्हणाली. "दोघांचा देते. तिथंच बसून खायचा. आणि ते भूक न्हाय म्हणाले, तर तुम्ही उठायचं नाही."